दोन फळ्यांचं रान

सुदर्शनला फोन करायचा हे कमूआत्यानं कधीच ठरवून टाकलं होतं. प्रश्न होता तो कधी करायचा एवढाच. लवकर केला तर तो घरबसल्या आरडाओरडा करून सगळं थांबवणार, आणि उशीर केला तर तो येऊन उपयोग काय? म्हणून पोशेऱ्यात धाकट्या भावाच्या अंगणात, भाची रविनाच्या साखरपुड्याच्या मांडवाखाली, मोबाईल पदराआड धरून ती बसली होती. सगळ्यांना वाटत होतं, ताईचे गुडघे दुखतायत.

मांडवापासून हाकेच्या अंतरावर रस्त्याचं काम चाललं होतं. खडी दाबून झाली होती, डांबर यायचं होतं. रविवार असल्यानं काम बंद होतं आणि रोलर करंजाच्या सावलीत गप्प उभा होता. त्याच्या चाकाला पाठ लावून पंढरी ड्रायव्हर तंबाखू मळत होता. नजरानजर झाली तशी तो उठून मांडवात आला आणि कमूआत्याच्या खुर्चीशी वाकला.

"सिस्टर, मुकादमाला कळलं ना, तर माझं काय खरं नाय."

"पंढरी, तुझं पहिलं पोर पायाळू होतं. कुणी सोडवलं?"

"तुम्हीच की."

"मग मुकादमाला सांग, सिस्टरनी सांगितलं. त्याचंही पोर मीच सोडवलंय."

उभी हयात मोखाड्याच्या पाड्यांवर नर्स म्हणून फिरण्यात गेल्यामुळे कमूआत्याला माणसं वळवायला फार बोलावं लागत नसे. पंढरी परत जाऊन चाकाजवळ बसला.

तिला वळवता आले नव्हते ते फक्त तिचे दोन सख्खे भाऊ. वडील, देवजीआबा, गेले, मागोमाग जुनं घर उतरवलं, आणि वाटणीला बसले तेव्हा शेत, भांडी, गुरं सगळं बिनबोभाट झालं. अडलं ते दारावर. आबांनी स्वतः निवडलेल्या सागाच्या एकाच खोडातून काढलेल्या दोन जाड, सपाट फळ्या. सुदर्शन म्हणाला, मी थोरला, दार माझं. धर्मेंद्र म्हणाला, मी गावात राहतो, दार माझं. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणालं, एकेक फळी घ्या. आणि या दोन शहाण्यांनी खरंच एकेक घेतली! एक फळी जव्हारला सुदर्शनच्या हॉलमध्ये पॉलिश होऊन भिंतीवर चढली, दुसरी पोशेऱ्यात धर्मेंद्रच्या माळ्यावर आंबे पिकवायला गेली. तेव्हापासून बोलणं बंद. आता धर्मेंद्रच्या लेकीचा साखरपुडा, दाभोशाहून मुलाकडची माणसं यायची, आणि सख्खा मोठा काका म्हणतो, "मला बोलावणं नाही."

बोलावणं होतं. धर्मेंद्रनं ते पोस्टानं धाडलं होतं, म्हणून सुदर्शनला ते बोलावणं वाटलं नाही.

"आत्या, शाईत तेल जास्त झालं वाटतं," हर्षाली येऊन कुजबुजली. सुदर्शनची ही एकुलती एक लेक. अंगावर मोरपिशी साडी, पदर कमरेला खोचलेला आणि नाकावर काळा ठिपका.

"मग कमी कर. मला काय विचारतेस? मी इंजेक्शनं दिली आयुष्यभर."

"तुम्ही फोन केलात?"

"अजून नाही. तुझी शाई चिकटेल तेव्हा सांग."

हर्षाली मुंबईला चित्रकला शिकली, लाकूड कोरून ठसे छापण्यात रमली आणि एक दिवस पटाश्यांची पेटी घेऊन जव्हारला परत आली. बापाला वाटलं, पोर नोकरी सोडून आली. आईला वाटलं, पोर जेवायला आली. कमूआत्याला मात्र पहिल्या आठवड्यातच कळलं की पोर लाकूड शोधते आहे. येईल त्या लाकडावरून हात फिरवायची, पोळपाटावरून, आत्याच्या पलंगावरून, डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकावरूनसुद्धा. आणि एका दुपारी बापाच्या हॉलमधल्या फळीमागे हात घालून तिनं ओरडून आत्याला बोलावलं, "हिची आतली बाजू कोरी आहे!"

वाळवी लागलीय, औषध करून आणते, असं बापाला सांगून फळी कमूआत्याच्या पडवीत आली. यात सुदर्शनची बायको उज्ज्वला पहिल्यापासून सामील. ती फळी पुसून पुसून तिचा हात मोडला होता, वाळवीची बातमी तिनं आनंदानंच पसरवली. दुसरी फळी आत्यानं स्वतः मिळवली. धर्मेंद्रला म्हणाली, "मला गच्चीवर नागलीचे पापड घालायला फळी दे." बहिणीला नाही म्हणायची त्याची टाप नव्हती.

आणि मग अख्खा हिवाळा त्या दोन फळ्या आत्याच्या पडवीत शेजारी शेजारी पडून होत्या. कमूआत्याला वाटलं होतं, पोर आता ठाकठोक करेल. छे! कितीतरी दिवस तिनं हत्यार उचललंच नाही. पावसाळ्यात दाभोशाला नदीकाठी बसून काढलेल्या चित्रांची चळत भिंतीला लावली, आणि स्वतः फळ्यांवर पालथी पडून रेषा बघत बसली. सागाच्या रेषा एका ठिकाणी उभ्या धावत होत्या. "आत्या, ही धार. धबधबा आधीच आहे, मला फक्त कडे काढायचेत." कडीचं भोक होतं तिथं तांबटाची ढोली झाली, आत तांबटाची चोच. जुन्या खिळ्यांची भोकं होती ती तिनं काजव्यांना देऊन टाकली. एका फळीवर मोठी गाठ होती, तिथं पटाशी चालेना, दोनदा पातं उडालं. हर्षाली रडकुंडीला आली. दोन दिवस बाहेर भटकून आली, ओढ्यात पाय सोडून बसली असणार, कारण साडीला चिखल होता. आल्या आल्या त्या गाठीभोवती तिनं दगड कोरला आणि दगडाखालून दोन्ही नांग्या उगारलेला खेकडा काढला. गाठ म्हणजे त्याची पाठ.

"हा तुझा बाप," कमूआत्या म्हणाली.

"काहीतरीच काय आत्या! खेकडा आहे तो."

"मी नाही कुठं म्हणते? तिरका चालतो, नांगी सोडत नाही, आणि बिळाबाहेर डोळे फक्त."

मग आत्याला नादच लागला. दुसऱ्या फळीवर गळा फुगवून बसलेला बेडूक होता, तो धर्मेंद्र. मान वेळावणारी पाणकोंबडी ही उज्ज्वला. हर्षाली शपथा घेऊन सांगायची की मी जे पाहिलं तेच काढलंय. पण सांगताना हसायची. उंबराचं मोठं खोड मात्र तिनं अशा खोडीनं काढलं होतं की अर्धं या फळीवर आणि अर्धं त्या. फळ्या शेजारी ठेवल्याशिवाय ते झाड होतच नव्हतं.

एवढा मोठा ठसा दाबायला यंत्र कुठून आणायचं, ही अडचण होती. ती पोशेऱ्याच्या रस्त्यानं सोडवली. आणि रस्त्याचं काम, रविवार, साखरपुडा हे तिन्ही एकाच दिवशी जुळवण्याचं काम कमूआत्यानं केलं. भटजी म्हणाले होते, शनिवार जास्त चांगला. आत्या म्हणाली, "शनिवारी मला उपास असतो." तिला कुठलाच उपास नसतो.

"चिकटली!" हर्षालीनं रस्त्यावरून हात हलवला.

खडीवर पोती, पोत्यांवर गोधड्या, गोधड्यांवर दोन्ही फळ्या पालथ्या, म्हणजे कोरीव बाजू वर. हर्षाली हातरूळ फिरवून शाई चढवत होती आणि उज्ज्वला तिच्या मागं मागं, "साडी! अगं, साडी!" म्हणत फिरत होती. सकाळी सुदर्शन बाजारात गेला होता तेवढ्यात मायलेकींनी कोरीव बाजू आत करून भिंतीवर परत टांगलेली फळी उतरवून जीपमध्ये घातली होती.

कमूआत्यानं फोन लावला.

"सुदर्शन, कुठं आहेस?"

"घरी. ताई, भिंतीवर फळी नाही! उज्ज्वला नाही, हर्षाली नाही..."

"सगळं इथं आहे. पोशेऱ्यात. तुझ्या फळीवर रोडरोलर चढवतायत."

आत्यानं फोन कानापासून हातभर लांब धरला.

"काय चढवतायत?"

"रोलर रे. रस्त्याचा. मी म्हटलं तुला कळवावं. जेवायला श्रीखंड आहे," आणि तिनं फोन बंद केला.

मग दाभोशाची माणसं आली. नवरामुलगा नितीन शाळामास्तर, जरा लाजाळू. त्याचा बाप लाडक्याभाऊ मात्र बघण्यासारखा माणूस. मिशी पांढरी, फेटा गुलाबी, आणि प्रश्न विचारायची भारी हौस. चहा झाला, पाहुणे बसले. लाडक्याभाऊंनी चौकशा सुरू केल्या. "मुलीचे मोठे काका दिसत नायत?"

धर्मेंद्रनं घसा साफ केला. त्याची बायको जयश्री ताटांकडे बघायला लागली.

"येतायत," कमूआत्या म्हणाली. "वाटेत आहेत."

धर्मेंद्रनं बहिणीकडे असं पाहिलं की जणू तिला ताप आलाय. "बाय, कोण येतंय?"

"तू पाहुण्यांना पान दे."

पान द्यायला तो उठला आणि तेव्हाच त्याची नजर रस्त्यावर गेली. पोती, गोधड्या, काळं काहीतरी. पानाचा डबा तसाच घेऊन तो चालत गेला, वाकून पाहिलं आणि त्याचा आवाज मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला.

"ही माझी फळी हाय! आबाची फळी! हिला काळं कुणी फासलं?"

"काका, मी सांगते," हर्षाली म्हणाली.

"काय सांगतंस? कोरली कुणी? पापड घालायला नेली व्हती ना?"

त्याच क्षणी वळणावरून स्कूटर आली. सुदर्शन तीवरून उतरला नाही, सांडला. डोक्यावर हेल्मेट, पायात घरातल्या सपाता, शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली. तो धावत येऊन थेट फळीपुढं, म्हणजे रोलरपुढं उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले. कमूआत्याला हसू आवरेना. हुबेहूब खेकडा.

"थांबवा! एक इंच पुढं आणायचा नाही!"

"बंद हाय साहेब," पंढरी वरून म्हणाला. "चालूच नाय केला."

"हर्षाली, हे काय आहे? आणि उज्ज्वला, तूसुद्धा?"

"वाळवी मारतोय," उज्ज्वला शांतपणे म्हणाली.

"दारावर कुणी रोलर फिरवतं का?" सुदर्शन ओरडला.

"तेच तर मी म्हणतो!" धर्मेंद्र त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. "आबांनी निवडलेला साग आणि ह्या पोरीनं त्यावर बेडकं काढली!"

"आणि विचारलं नाही!"

"विचारलं नाय! मला तर पापड सांगितले!"

"मला वाळवी सांगितली!"

दोघं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघांनीही मान वळवून एकदम मांडवाकडे पाहिलं, खुर्चीत बसलेल्या बहिणीकडे. कमूआत्यानं गुडघा चोळायला घेतला.

"हे सगळं ताईचं आहे," सुदर्शन म्हणाला.

"बायचंच," धर्मेंद्र म्हणाला. "लहानपणी करवंदांच्या जाळीत मला हिनंच ढकललं व्हतं."

"मलाही ढकललं होतं."

हर्षालीचा चेहरा उतरला. हातातला रूळ तिनं खाली ठेवला. "तुम्ही दोघं नको म्हणालात तर मी नाही करणार," ती म्हणाली. "पण शाई वाळतेय. वाळली की कोरीव रेषा बुजतील. मग ना दार राहील ना चित्र. जे काय ठरवायचं ते आत्ता ठरवा." कमूआत्यानं भावांना आणायचं ठरवलं होतं, ते आले. पण ते असे एकदिलानं विरोधात जातील, हे तिच्या हिशेबात नव्हतं. हिवाळाभर पालथ्या पडलेल्या त्या पोरीची पाठ तिला आठवली. ती उठून चालायला लागली, आणि यावेळी गुडघा खरंच दुखला.

ती पोचायच्या आत लाडक्याभाऊ पोचले होते. मागं त्यांची सगळी वऱ्हाडी मंडळी. फेटा सावरत त्यांनी फळ्या पाहिल्या, रोलर पाहिला, रोलर अडवून उभे असलेले दोन भाऊ पाहिले.

"धर्मेंद्रभाऊ," ते अदबीनं म्हणाले, "ही काय तुमच्यातली पद्धत हाय का? साखरपुड्याला दार दाबायची?"

नव्या व्याह्यापुढं काय सांगायचं? की आमची फळ्यांवरून भांडणं आहेत? की पोरीनं चोरून दार नेलं आणि सख्खा काका हेल्मेट घालून भांडायला आलाय? धर्मेंद्रच्या गळ्यात हवा भरली, गळा फुगला, आणि बाहेर काहीच येईना.

"हो," सुदर्शन म्हणाला.

धर्मेंद्रनं त्याच्याकडे पाहिलं.

"आमच्यात आहे तशी पद्धत," सुदर्शननं हेल्मेट काढून काखेत मारलं. ऑफिसात साहेबाला उत्तर देताना येतो तो आवाज त्याला सापडला होता. "दाराची एक फळी थोरल्याकडे, एक धाकट्याकडे असते. मुलीच्या साखरपुड्याला दोन्ही एकत्र आणतात. म्हणून तर मी फळीच्या मागोमाग आलो."

"व्हय," धर्मेंद्र म्हणाला. "मागोमाग येतात. थोरले."

"आणि हेल्मेट?" लाडक्याभाऊंनी विचारलं.

"ते स्कूटरचं हाय," धर्मेंद्र म्हणाला.

"अस्सं. आणि दाबतं कोण? दोघं भाऊ?"

"दोघं भाऊ!" कमूआत्या धापा टाकत पोचली होती. "दोघांनी कापड अंथरायचं असतं. चारी कोपरे ताणून. हर्षाली, कापड दे तुझ्या बाबांना. बघतेस काय?"

मांजरपाटाचा लांबरुंद तुकडा हर्षालीनं उलगडला. एका टोकाला सुदर्शन, दुसऱ्याला धर्मेंद्र. "घडी पडू देऊ नका," ती सांगत होती, "आधी मधला भाग टेकवा, मग कडा. एकदा टेकवलं की हलवायचं नाही." सुदर्शन ओढायचा, धर्मेंद्र ढील द्यायचा, मग धर्मेंद्र ओढायचा. "अरे, सरळ धर!" "मी सरळच हाय, तूच तिरका!" पाहुण्यांना वाटलं, हाही विधीचाच भाग. कापड टेकलं. सुरकुती काढायला दोघांनी तळवे फिरवले, आणि कडेला शाई जास्त होती तिथं सुदर्शनचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे झाले.

कापडावर घोंगडी, घोंगडीवर प्लायवूड. पंढरीनं रोलर चालू केला. दगडी आवाज करत ते अजस्र चाक हळूहळू चढलं आणि सगळ्या बायकांनी श्वास धरला. रविना नव्या शालूत धावत आली होती, तिनं नितीनची बाही धरली. साखरपुड्याआधी असं धरायचं नसतं हे जयश्रीला आठवलं, पण ती स्वतः उज्ज्वलाचा हात धरून उभी होती. सागानं एकदा कुरकुर केली. सुदर्शन आणि धर्मेंद्र दोघांनीही डोळे मिटले. चाक उतरलं.

"परत आणू का?" पंढरीनं विचारलं.

"नको!" दोघं भाऊ एकदम म्हणाले.

हर्षालीनं कापडाचा कोपरा उचलला. कापड हळूहळू वर आलं, सोलल्यासारखं, आणि मग तिनं आणि नितीननं ते उभं धरलं.

काळ्यापांढऱ्या रानात पाणी कोसळत होतं. फळीवर महिनोन् महिने पाहूनही कमूआत्याला ते असं दिसलं नव्हतं, कारण फळीवर सगळं उलटं होतं. डावं उजवीकडे आलं होतं, आणि उंबर मधोमध एका खोडाचा उभा होता. सांधा शोधूनही सापडत नव्हता.

"ही आमची धार हाय," लाडक्याभाऊ फेटा मागं सारून म्हणाले. "हा खालचा कातळ, तिथं आम्ही बैल धुतो. पोरी, तू कधी येऊन बसली व्हतीस?"

"श्रावणात. तुमच्याकडच्या एका आजींनी मला भाकरी दिली होती."

आता सगळेच पुढं झुकले. धर्मेंद्रनं बोट दाखवलं आणि खो खो हसला. "दादा, हा खेकडा बघ! हा तूच! नांग्या बघ, मघाशी असाच उभा व्हतास!"

"मी? काहीतरी बोलतोस. पण हा बेडूक बघितलास का? गळा बघ. व्याह्यांनी प्रश्न विचारल्यावर तुझं असंच झालं होतं."

"हा बेडूक मी? हा तर कुणीतरी दुसराच."

"आणि कमूताई कुठाय?" उज्ज्वलानं विचारलं. ती पाणकोंबडीवर बोट ठेवून, किती गोड पाखरू आहे, म्हणत होती.

कमूआत्या घुबड शोधत होती. तिची खात्री होती की आपण घुबड असू. शहाणं, गंभीर. रविनानं उंबराच्या मुळाशी बोट ठेवलं. तिथं मुळ्यांच्या सापटीतून एक मुंगूस डोकं काढून सगळा तमाशा बघत होतं.

"हे नव्हतं," आत्या म्हणाली. "हे फळीवर कधी नव्हतं."

"अगदी शेवटी कोरलं," हर्षाली म्हणाली. "तुम्ही भटजींना उपास सांगायला गेलात तेव्हा."

सगळे हसले, सुदर्शन सगळ्यात मोठ्यानं. हसता हसता त्याला उचकी लागली, डोळ्यांत पाणी आलं, आणि काय झालं ते त्यालाच कळलं नाही, त्यानं शेजारी उभ्या धर्मेंद्रच्या पाठीत दोन्ही हातांनी थाड थाड थापा मारल्या. त्या थापा होत्या की मिठी होती की जुन्या भांडणाचे दोन धपाटे होते, कमूआत्याला आजतागायत ठरवता आलेलं नाही. पण हात निघाले तेव्हा धर्मेंद्रच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या सदऱ्यावर, पाठीमागं, दोन काळे पंजे उमटले होते. बोटांच्या रेषांसकट.

हर्षालीनं ते पाहिलं, आत्यानं पाहिलं. पोरीनं तोंड उघडलं, आत्यानं डोळ्यांनी दटावलं.

साखरपुडा झाला. अंगठ्या झाल्या, ओट्या झाल्या, श्रीखंड झालं. सुदर्शननं यजमानासारखं वाढलं. लाडक्याभाऊंनी जेवताना धाकट्या मुलासाठीही अशीच पद्धतशीर माणसं बघायची आहेत असं जाहीर केलं, आणि दोघा भावांनी ताटात माना घातल्या. धर्मेंद्र पंगतीतून फिरला, देवाच्या पाया पडला, पाहुण्यांना जीपपर्यंत सोडून आला, वाटेत अर्ध्या गावाशी बोलला. त्याच्या पाठीवरचे पंजे सगळ्या पोशेऱ्यानं बघितले. पोरं तोंड दाबून पळाली.

उन्हं कलली तसा सुदर्शन स्कूटरला किक मारून गेला. फळी न नेता. "धुऊन वाळू दे, मग बघू," एवढंच म्हणाला. जीपमध्ये उज्ज्वला आणि हर्षाली कापडाची गुंडाळी मांडीवर घेऊन बसल्या.

कमूआत्या मात्र राहिली. मांडवात धर्मेंद्र एकटाच खुर्च्या एकात एक घालत होता. तिला त्याची दया आली.

"धर्मा," ती म्हणाली, "सदरा काढ तो. जयश्रीला भिजत घालू दे. दिवसभर तुला कुणी सांगितलं नाही, पाठीवर..."

"ठाव हाय."

"कधी कळलं?"

"मारलं तवाच," धर्मेंद्र खुर्ची उचलत म्हणाला. "शाई गार लागते गं पाठीला."